आर्मेरोचा नकाशा महिनाभर आधीच तयार होता

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सदस्य, महाराष्ट्र राज्य आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण,
तसेच सह्याद्रीच्या दोन्ही अंगांच्या जिल्ह्यांतील जिल्हाधिकारी, प्रांताधिकारी आणि तहसीलदार

विषय : कोलंबियातलं १९८५ हे साल आणि आपल्या डोंगराखालची गावं

महोदय, महोदया,

दरवर्षी मे महिन्यात तुमच्याकडे मान्सूनपूर्व आढावा बैठका होतात. दरडप्रवण गावांची यादी पुढे येते, बोटी-दोऱ्या-जेसीबी मोजले जातात, नियंत्रण कक्षाचे फोन क्रमांक जाहीर होतात. यंदाच्या बैठकीला बसण्यापूर्वी तुम्ही दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबिया देशाचं १९८५ हे एक साल नीट वाचावं, एवढी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहिते आहे. मी रायगड जिल्ह्यात भूगोल शिकवते. ज्वालामुखी शिकवायची वेळ आली की मुलांना आर्मेरो या गावाची हकीकत सांगते, आणि दर वेळी मनात येतं की हे ऐकायला वर्गात मुलांबरोबर तुम्हीही असायला हवं होतं.

त्या वर्षीचा कोलंबिया नुसता रक्ताचा आणि चिखलाचा नव्हता, हे आधी सांगायला हवं. राष्ट्राध्यक्ष बेलिसारिओ बेतांकुर यांनी १९८४ मध्ये सशस्त्र संघटनांशी बोलणी करून शस्त्रसंधी घडवून आणली होती. लोकांनी भिंतींवर आणि रस्त्यांवर पांढरी कबुतरं रंगवली होती. १९८५ च्या जुलैत लुईस एरेरा हा कोलंबियन सायकलपटू तूर द फ्रान्स शर्यतीत पडला, उठला आणि चेहऱ्यावर रक्त ओघळत असतानाच सँतेत्येनचा टप्पा जिंकला. त्या शर्यतीत घाटांचा राजा, म्हणजे चढणींवरचा सर्वोत्तम सायकलपटूही तोच ठरला. पण त्याच उन्हाळ्यात एम-१९ ही बंडखोर संघटना शस्त्रसंधीतून बाहेर पडली, आणि जुलैतच अमली पदार्थांच्या टोळ्यांविरुद्धचे खटले हाताळणाऱ्या एका न्यायाधीशाचा बोगोतात खून झाला. देश आशेवर होता आणि धास्तावलेलाही होता.

ऑक्टोबरात त्या देशाच्या वर्तमानपत्रांत दोन इशारे छापून आले. एक असा, की एम-१९ राजधानीतल्या न्याय प्रासादाचा, म्हणजे सर्वोच्च न्यायालयाच्या इमारतीचा, ताबा घेण्याच्या बेतात आहे आणि तो कट लष्कराच्या हाती लागला आहे. दुसरा असा, की नेवादो देल रुईस हा ज्वालामुखी जागा झाला आहे आणि तो फुटला तर आर्मेरो हे गाव चिखलाच्या वाटेत आहे. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात दोन्ही गोष्टी सांगितल्याबरहुकूम घडल्या. दोन्ही बुधवारी घडल्या. मधे फक्त एका आठवड्याचं अंतर.

पहिल्या घटनेबद्दल थोडक्यात लिहिते, कारण दुसरी समजायला ती लागते. हल्ल्याच्या धमक्या असूनही न्याय प्रासादाचा जादा पोलीस पहारा आदल्या दिवसांतच काढून घेण्यात आला होता. ६ नोव्हेंबरला दुपारच्या आधी ३५ बंडखोर आत घुसले. सुमारे तीनशे माणसं ओलीस पडली. लष्कराने चिलखती गाड्या थेट मुख्य दरवाज्यातून आत घातल्या, इमारतीला आग लागली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी सगळं शांत झालं तेव्हा जवळपास शंभर माणसं मेलेली होती. त्यांत सर्वोच्च न्यायालयाचे ११ न्यायमूर्ती होते. न्यायालयाचे अध्यक्ष अल्फोन्सो रेयेस एचांदिया आतून टेलिफोनवर, रेडिओवरून अख्ख्या देशाला ऐकू येईल असं, गोळीबार थांबवा म्हणून विनवत होते. राष्ट्राध्यक्षांनी त्यांचा फोन घेतला नाही. रेयेस एचांदिया आतच मेले. उपाहारगृहात काम करणारी काही साधी माणसं तर त्यानंतर कायमची बेपत्ता झाली. २०१४ मध्ये आंतर-अमेरिकी मानवी हक्क न्यायालयाने त्यांच्या बेपत्ता होण्याची जबाबदारी कोलंबियाच्या सरकारवर ठेवली, आणि पुढच्या वर्षी राष्ट्राध्यक्ष सांतोस यांनी जाहीर माफी मागितली.

या सगळ्यातली एक बाब तुमच्या कामाशी थेट संबंधित आहे. ६ नोव्हेंबरच्या संध्याकाळी, इमारत जळत असताना, दळणवळण मंत्रालयाने रेडिओ आणि दूरचित्रवाणीला थेट वार्तांकन आवरायला सांगितलं. लोकांनी टीव्ही लावला तर पडद्यावर फुटबॉलचा सामना चालू होता. लोकांना सगळं कळलं तर ते बिथरतील, म्हणून त्यांना शांत ठेवावं, हा त्यामागचा विचार. एका आठवड्यानंतर, शेकडो किलोमीटर लांब नव्हे तर त्याच देशाच्या मध्यभागी, हाच विचार वीस हजारांवर माणसांच्या जिवावर उठला.

रुईस हा ५,३०० मीटरहून उंच डोंगर. विषुववृत्ताच्या इतका जवळ असूनही त्याच्या माथ्यावर बारमाही बर्फ असतं. असा डोंगर फुटला की लाव्हारसापेक्षा जास्त भीती बर्फाची. तापलेली राख आणि दगड बर्फावरून धावतात, बर्फ वितळतं, ते पाणी माती-दगड उचलत दऱ्यांमधून खाली सुटतं आणि वाटेत वाढत जातं. याला लाहार म्हणतात. कालवलेल्या सिमेंटइतका दाट, घरं उचलून नेणारा हा लोंढा नदीच्या पात्रातून येतो. म्हणजे तो कुठून येणार हे आधीच ठाऊक असतं. लागुनिया नदीच्या खोऱ्यात तो १५९५ मध्ये आला होता, १८४५ मध्येही आला होता. १८४५ मध्ये सुमारे हजार माणसं गाडली गेली. त्याच गाळाच्या जमिनीवर, पन्नास वर्षांनी, आर्मेरो वसलं. जमीन सुपीक होती, कापूस भरघोस येई, म्हणून लोक त्याला पांढरं शहर म्हणत. १९८५ मध्ये तिथे जवळपास २९,००० माणसं राहत होती. डोंगर तिथून इतका लांब की रोजच्या जगण्यात त्याचा विचार कुणाच्या मनात येऊ नये.

नोव्हेंबर १९८४ पासून डोंगर कुरबुरायला लागला. गिर्यारोहकांना जास्तीची वाफ दिसली, डिसेंबरात भूकंपाचे धक्के बसले. कोलंबियाकडे त्या वेळी ज्वालामुखींवर लक्ष ठेवणारी पक्की यंत्रणा नव्हती. भूकंपमापक यंत्रं जमवून डोंगरावर बसवेपर्यंत जुलै उजाडला. ११ सप्टेंबर १९८५ ला वाफ आणि राखेचा मोठा स्फोट झाला आणि आसुफ्रादो नदीतून २७ किलोमीटरपर्यंत चिखल वाहत आला. त्याहून स्पष्ट सूचना डोंगर काय देणार होता? २४ सप्टेंबरला काल्दास प्रांताचे प्रतिनिधी एर्नांदो आरांगो यांनी संसदेत हा प्रश्न उचलला, तर घबराट पसरवत असल्याचा ठपका त्यांच्यावरच आला. लागुनिया नदीत आर्मेरोच्या वरच्या अंगाला दरड कोसळून बांध तयार झाला होता आणि मागे पाणी तुंबलं होतं. गावाचे महापौर रामोन रोद्रिगेस वरिष्ठांना ते परोपरीने सांगत होते.

आणि मग नकाशा. ७ ऑक्टोबरला इंगेओमिनास या सरकारी भूगर्भ संस्थेने धोक्याचा नकाशा सादर केला. मोठा उद्रेक झाला तर चिखलाचे लोंढे येण्याची शक्यता त्यात १०० टक्के धरली होती. आर्मेरोचं नाव त्या धोक्याच्या पट्ट्यात होतं. घाईत, अपुऱ्या साधनांवर केलेलं हे काम होतं, पण प्रत्यक्ष लोंढे आले ते बहुतांश त्या रंगवलेल्या पट्ट्यांतूनच. दक्षिण अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी केलेलं हे काम मला आजही अभिमानास्पद वाटतं. त्यांचा नकाशा चुकला नव्हता.

नकाशावर प्रतिक्रिया आल्या त्या तुम्हाला ओळखीच्या वाटतील. हा अतिरेक आहे. व्यापार बसेल, जमिनीचे भाव पडतील. एवढी माणसं हलवायची तर खर्च कोणाच्या खात्यातून? हलवली आणि काहीच झालं नाही तर जाब कोण देणार? या प्रश्नांची उत्तरं शोधण्यात ऑक्टोबर गेला. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात न्याय प्रासाद जळाला आणि बोगोतातल्या सत्तेचं सगळं लक्ष तिथल्या राखेत अडकलं.

१३ नोव्हेंबरचा दिवस मी तासांच्या हिशेबाने सांगते, कारण आपत्ती व्यवस्थापनाचं सगळं शिक्षण त्या तासांमध्ये आहे.

दुपारी तीनच्या सुमारास डोंगराने राख फेकायला सुरुवात केली. पाचच्या आसपास आर्मेरोवर राखेचा पाऊस पडू लागला. त्याच वेळी प्रांताच्या राजधानीत, इबागे इथे, आणीबाणी समितीची बैठक चालू होती. इकडे गावात स्थानिक रेडिओवरून आणि चर्चच्या ध्वनिक्षेपकावरून सांगितलं जात होतं की शांत राहा, घाबरू नका, घरातच थांबा. संध्याकाळी सातला रेड क्रॉसने गाव रिकामं करण्याची सूचना दिली. थोड्या वेळाने राख पडायची थांबली आणि ती सूचना मागे घेतली गेली. मुलांना ही हकीकत सांगताना मी इथे थांबते. राख थांबली म्हणजे धोका टळला, असं त्या रात्री जबाबदार माणसांना वाटलं. नकाशात मात्र धोका राखेचा नव्हताच, चिखलाचा होता.

मग वादळी पाऊस आला. वीज गेली. ढगांनी डोंगर झाकला, गडगडाटात डोंगराचा आवाज हरवला. रात्री नऊ वाजून नऊ मिनिटांनी मुख्य उद्रेक झाला. तो फार मोठा नव्हता. माथ्यावरच्या बर्फाचा जेमतेम दहावा हिस्सा वितळला. तेवढ्याने चारही बाजूंच्या नद्या भरल्या. आर्मेरोपर्यंत सत्तरेक किलोमीटरचं पात्र कापायला लोंढ्याला सुमारे सव्वादोन तास लागले. रात्री साडेअकराच्या सुमारास आधी तुंबलेल्या बांधाचं पाणी आलं आणि पाठोपाठ चिखल. महापौर त्या वेळी हौशी रेडिओ संचावर बोलत होते. बोलता बोलताच त्यांचा आवाज बंद झाला. गावाच्या कडेला, चालत पोचण्याइतक्या अंतरावर, उंच जमीन होती. तिथे पोचलेले वाचले.

आर्मेरोत २०,००० हून अधिक माणसं गेली. डोंगराच्या पश्चिम बाजूच्या चिंचिनात सुमारे १,९०० गेली. एकूण आकडा २३,००० च्या घरात. पहाटे शेतात फवारणी करणाऱ्या एका छोट्या विमानाच्या वैमानिकाने वरून पाहिलं आणि बातमी दिली की आर्मेरो नकाशावरून पुसलं गेलं आहे.

तेरा वर्षांच्या ओमायरा सांचेसचं नाव तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ऐकलं असेल. घराच्या ढिगाऱ्यात पाय अडकलेले, गळ्यापर्यंत पाणी, आणि सुमारे साठ तास ती आजूबाजूच्या माणसांशी बोलत राहिली. तिला सोडवायला पाणी उपसणारा पंप हवा होता. तो वेळेत आला नाही. १६ नोव्हेंबरला ती गेली. फ्रांक फूर्निये या छायाचित्रकाराने काढलेला तिचा फोटो जगभर छापला गेला आणि त्याला जागतिक पारितोषिक मिळालं. मी तो फोटो वर्गात दाखवत नाही. नकाशा दाखवते. फोटो पाहून माणूस हळहळतो आणि आपत्तीला दैव समजायला लागतो. नकाशा पाहिला की राग येतो, आणि या बाबतीत राग येणं मला जास्त योग्य वाटतं. आर्मेरोच्या मृतांसाठी झालेल्या प्रार्थनेत लोकांनी फलक धरला होता की माणसं ज्वालामुखीने नाही, सरकारने मारली. बॅरी व्हॉइट या भूशास्त्रज्ञाने पुढे या सगळ्या घटनाक्रमाचा बारकाईने अभ्यास केला. १९९० मध्ये त्याने लिहिलेला निष्कर्षही याच दिशेचा होता: तंत्रज्ञान कमी पडलं नव्हतं, अतिदुर्मीळ असंही काही घडलं नव्हतं, चुकलेला अंदाज, निर्णय न घेणं आणि नोकरशाहीची आखूड नजर यांची बेरीज होऊन हा अनर्थ झाला.

आता तुम्ही म्हणाल, आपल्याकडे ज्वालामुखी कुठे आहे? आपला सह्याद्री लाव्हारसाचाच आहे, पण तो थंड होऊन साडेसहा कोटी वर्षं झाली. खरं आहे. आपल्याकडे धोका पावसाचा आहे. कातळाच्या उतारावर झिजून तयार झालेल्या मातीचा थर असतो. सलग पाऊस झाला की पाणी मुरतं, मातीतला पाण्याचा दाब वाढतो, माती आणि कातळ यांची पकड सुटते, आणि अख्खा उतार खाली येतो. इथेही पूर्वखुणा असतात: जमिनीला पडलेल्या भेगा, अचानक गढूळ झालेला झरा, कललेली झाडं, घराच्या भिंतीला गेलेले तडे, दार घट्ट बसायला लागणं. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना त्या ठाऊक असतात. शेवटी मात्र तोच प्रश्न उरतो: पाहिलेलं कुणाला सांगायचं, आणि ऐकणाऱ्याच्या हातात काय अधिकार?

माळीण, ३० जुलै २०१४, मृत्यू १५१. ती बातमी बाहेर आली एसटीच्या चालकामुळे. तो नेहमीच्या फेरीला गेला आणि त्याला गाव दिसलं नाही. आर्मेरोच्या वैमानिकाची गोष्ट सांगताना मला दर वेळी तो चालक आठवतो. तळिये, २२ जुलै २०२१. इर्शाळवाडी, १९ जुलै २०२३, रात्रीची वेळ, रायगडात अतिवृष्टीचा इशारा असताना. २७ मृतदेह सापडले, ५७ माणसं बेपत्ता राहिली आणि शोध थांबवावा लागला. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असं तेव्हा सरकारनेच सांगितलं. हे वाक्य जणू खुलासा असल्यासारखं वारंवार बोललं गेलं, आणि ते ऐकताना मला फार वाईट वाटत होतं. आर्मेरो यादीत होतं. यादीत असूनही गेलं. मग यादीत असणं किंवा नसणं हे उत्तर कसं होईल?

किल्लारीचाही उल्लेख करते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेआधी, वर्षभरापूर्वी, त्या भागात लहान धक्के बसत होते आणि लोक अंगणात झोपत होते. भूकंपाचा दिवस आणि वेळ कुणी सांगू शकत नाही, त्यामुळे तिथे कुणाला दोष देणं मला न्याय्य वाटत नाही. दरडीची गोष्ट वेगळी. पाऊस मोजता येतो. उतार मोजता येतो. मातीचा थर मोजता येतो. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने २०११ मध्येच पश्चिम घाटाच्या नाजूकपणाबद्दल सविस्तर लिहून ठेवलं आहे. दरड नेमकी कोणत्या मिनिटाला येणार हे कळत नाही, पण कोणती रात्र वाईट आहे हे बऱ्याचदा कळतं. त्या रात्रीपुरतं शाळेत, समाजमंदिरात, उंच सुरक्षित जागी जाऊन झोपणं, एवढंच मागणं आहे.

कोलंबियाने त्यातून काय शिकलं हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर हे पत्र नुसतं रडगाणं ठरेल. मानिसालेस शहरात ज्वालामुखी वेधशाळा उभी राहिली. १९८८ मध्ये आपत्ती प्रतिबंधासाठी राष्ट्रीय व्यवस्थेचा कायदा झाला; आपला आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा आहे, हे लक्षात घ्या. आर्मेरोनंतर अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याने जगभरच्या ज्वालामुखींसाठी मदत पथक तयार केलं, आणि १९९१ मध्ये फिलिपिन्सच्या पिनातुबोवर त्या पथकाने स्थानिक शास्त्रज्ञांसोबत काम केलं तेव्हा उद्रेकाआधी हजारो लोक हलवले गेले.

पण मला सर्वांत महत्त्वाचं उदाहरण वाटतं ते नेवादो देल उईलाचं. हाही कोलंबियाचाच बर्फाच्छादित ज्वालामुखी. २००७ आणि २००८ मध्ये त्याच्यावरून पाएस नदीत लाहार आले. नोव्हेंबर २००८ चा लोंढा तर आर्मेरोच्या लोंढ्यापेक्षा कितीतरी मोठा होता. त्या खोऱ्यात नासा हा आदिवासी समाज राहतो. १९९४ मध्ये भूकंपानंतरच्या चिखलात त्यांची शेकडो माणसं गेली होती, त्यामुळे त्यांना समजावण्याची गरज नव्हती. वेधशाळेचा निरोप थेट गावापर्यंत पोचत होता, भोंगे होते, कुठे पळायचं ते ठरलेलं होतं, तालमी झालेल्या होत्या. २००७ मध्ये कुणीही मेलं नाही. २००८ मध्ये दहाच्या आसपास माणसं गेली. तोच देश, तसाच डोंगर, त्याहून मोठा लोंढा. मधल्या काळात बदललं होतं ते निरोप आणि पाय यांच्यातलं अंतर.

सगळं सोपं झालं असंही नाही. मार्च २०२३ मध्ये रुईस पुन्हा अस्वस्थ झाला, इशारा नारिंगी पातळीवर नेला गेला, आणि सरकारने माथ्याजवळची सुमारे २,५०० कुटुंबं हलवायचं ठरवलं. पुष्कळ लोकांनी नकार दिला. गुरं होती, बटाट्याची शेतं होती; माणूस खाली गेला तर गाईंची धार कोण काढणार? जूनच्या अखेरीस इशारा पिवळ्यावर आला, मोठा उद्रेक झाला नाही. तरीही वेधशाळेने आपलं बोलणं थांबवलं नाही: काय दिसतं आहे, काय होऊ शकतं, किती शक्यता आहे, हे ती लोकांना सातत्याने, उघडपणे सांगत राहिली. इशारा खरा ठरला नाही म्हणून तो चुकीचा होता, असं तिथे आता मानलं जात नाही. आर्मेरोने शिकवलेला हा धडा आहे.

तुमच्याकडे माझं मागणं याच अनुभवातून आलं आहे.

गाव हलवण्याचा शब्द कोण काढणार, हे प्रत्येक वाडीसाठी लेखी ठरवा, आणि तो माणूस त्याच वाडीतला किंवा शेजारचा असू द्या. पोलीस पाटील, सरपंच, आशाताई, शाळेचे गुरुजी, कुणीही. रात्री अकरा वाजता, मोबाईलला रेंज नसताना, तहसील कार्यालयातून परवानगी येण्याची वाट पाहावी लागेल अशी व्यवस्था ही व्यवस्था नव्हे. इर्शाळवाडीला जायला गाडीरस्ताही नव्हता. बचावपथकं डोंगर चढून पोचली. वरून मदत पोचण्याआधी गावाने स्वतः निघायला हवं, आणि त्यासाठी गावाकडे तो अधिकार हवा. प्रत्येक वाडीत एक साधं पर्जन्यमापक ठेवा, ते वाचायला दोन तरुणांना शिकवा, आणि किती मिलिमीटरला घरं सोडायची तो आकडा त्या उतारानुसार भूशास्त्रज्ञांकडून ठरवून घ्या.

ज्याने शब्द काढला आणि दरड आली नाही, त्याला कारणे दाखवा नोटीस जाता कामा नये. उलट त्या रात्रीचा अहवाल चांगल्या कामगिरीत धरावा. आर्मेरोत अनेकांना धोका दिसत होता. आपण चुकलो तर काय, या भीतीने त्यांची जीभ रेटली नाही. तुमच्या हाताखालच्या तलाठ्याच्या, ग्रामसेवकाच्या मनातही तीच भीती आहे. ती फक्त तुम्हीच काढू शकता, आणि त्यासाठी भाषण पुरणार नाही, शासन निर्णय लागेल.

लोक निघत नाहीत, अशी तक्रार तुमच्या बैठकांत होते. निघण्याची किंमत त्यांच्यावर टाकली तर ते निघणार नाहीतच. शेळ्या, कोंबड्या, दुभती म्हैस, भाताची लावणी, बुडालेली मजुरी हे सगळं निघण्याच्या आड येतं. तात्पुरत्या निवाऱ्यात गोठ्याची सोय करा, चाऱ्याचा आणि बुडालेल्या मजुरीचा भत्ता द्या, म्हाताऱ्यांना आणि बाळंतिणींना उचलून न्यायची माणसं आधी नेमून ठेवा. कायमचं पुनर्वसन झालं पाहिजेच. त्याला वर्षं लागतात, आणि पाऊस मात्र दरवर्षी येतो.

धोक्याचे नकाशे कार्यालयाच्या संगणकात ठेवू नका. मराठीत, मोठ्या अक्षरात, चावडीच्या आणि शाळेच्या भिंतीवर रंगवून घ्या, त्यावर घरं, ओढे आणि पळायची वाट दाखवा. मुलांकडून रंगवून घ्या. माझ्या शाळेतली मुलं आनंदाने येतील. आणि जी वाडी यादीत नाही तिच्या भिंतीवरही भेगांच्या, गढूळ झऱ्याच्या खुणा लिहा, कारण यादी अपुरी आहे हे आपण २०२३ मध्ये पाहिलं.

शेवटची विनंती तुमच्या संदेशांबद्दल. अतिवृष्टीच्या दिवशी मोबाईलवर येणाऱ्या सरकारी संदेशांत ‘नागरिकांनी घाबरू नये, सतर्क राहावे’ हे वाक्य हमखास असतं. सतर्क राहून माणसाने नेमकं करायचं काय, हे त्यातून कळत नाही. त्याऐवजी त्या वाडीचं नाव घ्या. गेल्या चोवीस तासांत किती पाऊस पडला, रात्री किती अपेक्षित आहे, तुमच्या वरचा उतार आज धोक्याचा का आहे, कुठे जायचं, किती वाजायच्या आत जायचं, तिथे कोण भेटेल, एवढं लिहा. नक्की ठाऊक नसेल तर नक्की ठाऊक नाही असंही लिहा. माणसांना खरं सांगितलं म्हणजे ती बिथरतात, हा समज कोलंबियाच्या सरकारने त्या नोव्हेंबरात दोनदा बाळगला.

नैऋत्य मोसमी पाऊस साधारण जूनच्या पहिल्या पंधरवड्यात कोकणात उतरतो. त्याआधी किमान एक तालीम, दिवसा नव्हे तर रात्री, दिवे बंद ठेवून, प्रत्येक डोंगराखालच्या वाडीत घ्यावी. आमच्या तालुक्यात ती होईल त्या रात्री मी आणि माझे विद्यार्थी मदतीला येऊ.

आपली नम्र,
भूगोलाची एक शिक्षिका,
जिल्हा रायगड